झोप लागली की मंजूर

आमच्या ऑफिसात पावलांचा आवाज होत नाही. खाली गाद्यांचा कारखाना आणि वर आमचं फाउंडेशन. कारखान्यात उरलेला प्रत्येक तुकडा वर कुठे ना कुठे अंथरलेला असतो. जिना मऊ, दारांच्या कडा मऊ, शिपायाच्या स्टुलावरसुद्धा चार बोटं जाडीची बैठक. खालून कापूस पिंजल्याचा आवाज दिवसभर येत राहतो, लांब कुठेतरी कोणी एकसारखं कुजबुजत असल्यासारखा. खिडकीतून येणाऱ्या उन्हात कापसाचे तंतू इतक्या सावकाश तरंगतात, की बघता बघता माणूस आपण उठलो होतो कशासाठी तेच विसरतो. नोकरीला लागलो त्या आठवड्यातच मी टेबलाशी गाढ झोपलो. जाग आली तेव्हा वाटलं, गेली नोकरी. पण अंगावर चादर होती, आणि ती थोरल्यांनी स्वतः येऊन घातली होती असं शिपाई म्हणाला.

थोरले आणि धाकटे हे दोघे भाऊ कारखान्याचे मालक. त्यांची आई म्हणजे मोठ्या बाई. हे तिघं फाउंडेशनचे विश्वस्त. आणि मी त्यांच्या कला व संस्कृती अनुदान विभागाचा प्रमुख. विभागात मी, एक कपाट आणि मागच्या प्रमुखाने सोडलेली एक उशी इतकंच होतं, पण पद ते पद. दारावर पाटी होती. मी रोज आत शिरताना ती वाचायचो आणि बाहेर पडताना पुन्हा वाचायचो, मध्ये बदलली नाही ना ते बघायला.

आता या घराण्याची रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यातूनच घडलं. भावांचे वडील, ज्यांना कारखान्यात अजून सगळे 'दादा' म्हणतात, ते नवी गादी बाजारात पाठवण्याआधी जेवणानंतर स्वतः तिच्यावर झोपून बघायचे. झोप लागली तर माल पास. कूस बदलावी लागली तर गादी उसवून पुन्हा भरायची. जगाला सांगतात, अंथरूण पाहून पाय पसरावे. दादांनी भिंतीवर लिहून ठेवलं होतं, 'पाय पाहून अंथरूण शिवावे'. शेवटच्या वर्षांत त्यांनी कलाकारांना मदत करायला हे फाउंडेशन काढलं आणि मुलांना बजावलं, "गादी असो की गाणं, झोपून बघितल्याशिवाय पसंत करायचं नाही." दादा गेले. मुलांनी शब्द तंतोतंत पाळला.

म्हणजे असं, की अनुदानासाठी अर्ज आला की बैठकीच्या खोलीत तीन गाद्या घालायच्या. तिन्ही विश्वस्तांनी आडवं व्हायचं. कलाकाराने समोर उभं राहून आपली कला सादर करायची. तिघांनाही झोप लागली की अनुदान मंजूर. एक जरी जागा राहिला तरी नामंजूर.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो. कोणीच हसत नाही हे पाहून त्या हसण्याचा खोकला केला.

माझ्या नेमणुकीची बातमी आम्ही राहतो त्या इमारतीत पसरली आणि माझा भाव एकदम वधारला. सोसायटीचे जे सेक्रेटरी मला बघून लिफ्टचं दार लावून घ्यायचे, ते दार धरून उभे राहायला लागले. समोरचे दातांचे डॉक्टर आले, बसले, हवापाण्याच्या गप्पा झाल्या, माझ्या दाढा कशा आहेत ते विचारून झालं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात डॉक्टरांचा हात कोणी धरू शकणार नाही. शेवटी निघताना दारात म्हणाले, "तसं मी पण थोडंफार लिहितो."

डॉक्टर कविता करतात हे त्यांच्या पेशंटांना आधीच माहीत होतं. ते पेशंटचं तोंड उघडं ठेवून, आत कापूस कोंबून, मग कविता म्हणतात. आजवर एकाही रसिकाने मध्ये बोलून रसभंग केला नाही, असं ते अभिमानाने सांगतात. त्यांच्यामागोमाग खालच्या मजल्यावरच्या बासरीवाल्या बाई आल्या. दोघांनाही मी अर्ज दिले.

अर्ज ही आणखी एक भानगड. फाउंडेशनने वेगळे अर्ज कधी छापलेच नव्हते. कारखान्याचं गाद्यांचं मागणीपत्रच चालत आलं होतं. लांबी, रुंदी, जाडी, भरण कशाचं, खोळीचा रंग. मी बदल सुचवला, तर धाकटे म्हणाले, "दादांच्या वेळचा कागद आहे तो, प्रमुख." विषय संपला. डॉक्टरांनी भरणाच्या रकान्यात 'विरह' लिहिलं आणि खोळ निळी मागितली. बासरीवाल्या बाईंनी 'भरण: हवा' लिहिलं, आणि तो त्या वर्षातला सगळ्यात प्रामाणिक अर्ज होता असं माझं मत आहे.

डॉक्टरांच्या चाचणीत थोरले दुसऱ्या कवितेला घोरायला लागले. धाकटे तर कवितेचं नाव पूर्ण व्हायच्या आधीच गेले. डॉक्टरांचा चेहरा पडला. मी कानात सांगितलं, की अहो, ही पसंती आहे. तेव्हा कुठे त्यांना हुरूप आला आणि त्यांनी विरह आणखी वाढवला. पण तिसऱ्या गादीवर मोठ्या बाई पडल्या पडल्या टक्क डोळ्यांनी ऐकत होत्या. मधूनच मुलांकडे बघत होत्या, धाकट्यांचं पांघरूण सरकलं तर ते नीट करत होत्या. शेवटी म्हणाल्या, "छान." मग थोरले जागे झाले, त्यांनी आईकडे बघितलं आणि उसासा टाकला. नामंजूर. बासरीचं तेच झालं. बाई जिन्यावरून रडत उतरल्या, पण आमचा जिना मऊ असल्यामुळे ते कोणाला ऐकूही गेलं नाही.

जुन्या प्रमुखाची चौकशी केली तेव्हा शिपायाने मला कोपऱ्यात घेऊन खरं काय ते सांगितलं. दादा गेल्यापासून मोठ्या बाईंना झोपच लागत नाही. औषधं झाली, डॉक्टर झाले, कारखान्यातली एकूण एक गादी झाली. सगळ्या गावाला झोपवणाऱ्या घरातली बाई टक्क जागी! आणि म्हणून दादांच्या माघारी या फाउंडेशनने एकाही कलाकाराला एक पैसाही दिलेला नाही.

त्यात दुष्काळात तेरावा महिना, थोरल्यांनी मला बोलावून अतिशय प्रेमाने सांगितलं, की या महिनाअखेर एकही अनुदान गेलं नाही तर विभाग बंद करावा लागेल. खोली उशा ठेवायला हवी आहे. माणसाच्या जागी माणूस आला तर सहन करता येतं. माझ्या जागी उशा येणार होत्या.

अशा मनःस्थितीत असताना माझ्याकडे सावलीवाल्या बाई आल्या.

त्या हातांच्या सावल्यांचा खेळ करायच्या. बेकरीच्या मागचं एक गोदाम त्यांनी भाड्याने घेतलं होतं. एक पांढरा पडदा, एक दिवा, आणि दिवा धरायला त्यांचा भाऊ. मालक गोदाम विकायला निघाला होता. महिनाअखेरच्या संध्याकाळपर्यंत थांबतो, पुढच्या वर्षाचं भाडं एकदम आणलंत तर राहा, नाहीतर कुलूप, असं त्याने सांगितलं होतं.

"साहेब, तुमच्या अर्जात जाडी विचारलीय," त्या म्हणाल्या. "सावलीला जाडी कुठून आणू?"

"शून्य लिहा."

"आणि भरण? अंधार लिहू की उजेड?"

"निम्मं निम्मं लिहा," मी म्हणालो. त्यांनी तसं लिहिलंही.

रीत होती म्हणून मी जागा बघायला गेलो. घरून निघताना 'अर्ध्या तासात येतो' म्हणून सांगितलं होतं. आत गेलो तर भिंती काळ्या, खाली चटया, आणि पलीकडच्या भट्टीमुळे एक भिंत कोमट. मुलं त्या भिंतीला पाठ लावून बसली होती. दिवा लागला आणि पडद्यावर एक पक्षी आला. तो दोन हातांचा होता हे मला दिसत होतं, कळत होतं, आणि तरी तो उडाला तेव्हा मी मान वर केली. मग एक झाड आलं, झाडाखाली एक म्हातारा आला, म्हाताऱ्याने जांभई दिली, आणि त्या जांभईतून चंद्र निघाला. कोणी बोलत नव्हतं. पावाचा वास येत होता. मी किती वेळ बसलो ते सांगता येणार नाही, पण घरी गेलो तेव्हा जेवण गार झालं होतं आणि बायको गरम.

मला ते गोदाम जायला नको होतं. नोकरीचं राहू दे बाजूला. त्या कोमट भिंतीला पुन्हा पाठ लावून बसता येणार नाही, या विचाराने मला खरोखर वाईट वाटायला लागलं होतं. अडचण एकच होती. बासरी डोळे मिटून ऐकता येते. सावल्या डोळे मिटून बघणार कशा? आणि डोळे उघडे म्हणजे नामंजूर.

यातून वाट निघाली ती माझ्या अपमानातून.

झालं असं, की अनुदानाच्या अटी दर वर्षी मोठ्या बाईंना वाचून दाखवाव्या लागतात. अनुदान कोणालाच मिळत नसलं तरी अटी मात्र दर वर्षी वाढतात. मी दुपारी त्यांच्या खोलीत गेलो. त्या आरामखुर्चीत बसल्या होत्या. आता माझा आवाज चांगला आहे, हे मी स्वतः म्हणत नाही, कॉलेजात सगळ्या कार्यक्रमांची सूत्रं माझ्याकडे असायची. मी घसा साफ केला आणि सुरू केलं. "अनुदान देणाऱ्याने, ज्यास यापुढे 'देणारा' म्हटले जाईल, अनुदान घेणाऱ्यास, ज्यास यापुढे 'घेणारा' म्हटले जाईल, देण्यापूर्वी घेणाऱ्याने देणाऱ्याकडे..."

सातव्या अटीला मान वर केली तर मोठ्या बाई झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर. त्यांच्या सोबतीच्या बाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि डोळ्यांत पाणी आणून मला खूण केली, वाचा, थांबू नका. मी अटी संपवल्या, परिशिष्ट संपवलं, छापखान्याचा पत्तासुद्धा वाचला.

घरी येऊन मी बायकोला म्हणालो, "माझ्या आवाजाने माणसं झोपतात म्हणे."

"अहो, मग?" ती म्हणाली. "लग्न ठरल्यावर तुम्ही फोनवर बोलायचात तेव्हा मी भिंतीला टेकून डोळे मिटायचे. आईला वाटायचं, पोरगी स्वप्नं बघतेय."

इतकी वर्षं मीही तेच समजत होतो.

दुसऱ्या दिवसापासून भावांनी मला रोज दुपारी मोठ्या बाईंकडे वाचायला पाठवायला सुरुवात केली. कलाविभागाच्या प्रमुखाचा अंगाईविभाग झाला. आणि ही गोष्ट इमारतीत कशी पोचली देव जाणे, पण पोचली. वरच्या मजल्यावरची सून बाळाला घेऊन दारात उभी. "काका, दोनच अटी वाचा ना, सकाळपासून झोपला नाही हो." मी नाही म्हणणार होतो. पण बाळाने माझ्याकडे असं बघितलं की वाचल्या. तो पहिल्या 'ज्यास यापुढे'लाच गेला. डॉक्टरांनी तर सरळ भागीदारीच मांडली. "घाबरट पेशंट असतात हो. भुलीपेक्षा स्वस्त पडेल."

"कवितांनी झोपत नाहीत का?" मी विचारलं.

डॉक्टर दोन दिवस बोलले नाहीत.

पण मला माझा मार्ग सापडला होता. मी सावलीवाल्या बाईंना जाऊन सांगितलं, की तुमचा खेळ चालू असताना शेजारी उभा राहून मी अटी वाचीन. निवेदन म्हणून. मोठ्या बाई झोपल्या की काम फत्ते.

त्या बराच वेळ हात पुसत राहिल्या. "म्हणजे माझा खेळ कोणी बघणार नाही."

"बघणार नाही म्हणूनच मंजूर होईल."

"साहेब, तुम्हाला हे बोलताना काही वाटत नाही?"

वाटत होतं. कान गरम झाले होते माझे. मग त्यांनीच गोदामाच्या त्या कोमट भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "जागा गेली तर मग कोणीच बघणार नाही. वाचा तुम्ही."

चाचणी महिनाअखेरच्या दुपारी ठरली. त्याआधी तारीख कधी मिळालीच नाही, कारण बैठकीच्या खोलीतल्या गाद्या बदलायच्या होत्या, आणि गाद्या बदलायच्या तर आधी त्यांच्यावर झोपून बघायला हवं होतं. पडदे ओढले. खोळीचं पांढरं कापड भिंतीला ताणून बांधलं. तिघं आडवे झाले. थोरल्यांनी मोठ्या बाईंच्या अंगावर पांघरूण घातलं आणि अगदी लहान मुलाला सांगावं तसं म्हणाले, "आई, आज झोप हं. प्रयत्न कर."

"बरं," त्या म्हणाल्या.

सावलीवाल्या बाईंच्या भावाने दिवा धरला. कापडावर पक्षी आला. मी सुरू केलं, "देणाऱ्याने घेणाऱ्यास..."

खालची पिंजणी चालू होती. कापसाचा एक तंतू दिव्यासमोरून गेला आणि भिंतीवर ढग गेल्यासारखा दिसला. पक्षी त्या ढगातून गेला. धाकटे झोपले. झाड आलं, पानं हलली, थोरल्यांचं घोरणं सुरू झालं. दिवा धरणारा भाऊ उभ्या उभ्या पेंगायला लागला आणि झाड हळूहळू डावीकडे कलंडलं, वारा सुटावा तसं. चौथ्या अटीला माझी अक्षरं एकमेकांत मिसळायला लागली. देणारा घेणाऱ्याच्या जागी गेला, घेणारा उठून झाडाखाली बसला. म्हाताऱ्याने जांभई दिली. मला वाटलं, मीही देऊन बघू.

मला जाग आली तेव्हा मी भिंतीला टेकून खाली बसलो होतो. अटी पोटावर होत्या. स्वतःच्या आवाजाने झोपलेला मी बहुधा पहिलाच अधिकारी असेन. खोलीत सगळे झोपले होते. दिवा धरणारा भाऊसुद्धा. दिवा त्याने कधीतरी स्टुलावर ठेवला होता.

जाग्या होत्या त्या दोघीच. सावलीवाल्या बाई एकट्या दिव्यासमोर बसून खेळ करत होत्या, आणि मोठ्या बाई गादीवर उठून बसल्या होत्या. पांघरूण बाजूला, गुडघ्यांभोवती हात, टक्क डोळे. भिंतीवर एक माणूस झोपला होता. त्याची छाती वरखाली होत होती. दोन तळहात नुसते श्वास घेत होते.

"कूस बदलतो का तो?" मोठ्या बाईंनी हळूच विचारलं.

"बदलू दे का?"

"नको. राहू दे तसाच."

संपलं, मला वाटलं. त्या जाग्या होत्या म्हणजे गोदाम गेलं. मी झोपलो नसतो तर, एवढी एक गोष्ट मला जमली असती तर... मी अटी उचलल्या आणि घाईघाईने वाचायला लागलो, तर मोठ्या बाईंनी हात वर केला. "थांबा हो जरा."

त्या आवाजाने थोरले उठले. धाकटे उठले. दोघांनी आईकडे बघितलं.

"आई, तू झोपली नाहीस?"

"नाही."

थोरल्यांनी सावलीवाल्या बाईंकडे बघून हात जोडले. "बाई, फार सुंदर झोप लागली आम्हाला. पण नियम आहे. तिघांनाही..."

"कोणाचा नियम?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"दादांचा."

"कोण म्हणालं?"

"ते सांगून गेले ना, झोपून बघितल्याशिवाय..."

"झोपायचे ते. बघायची मी." त्यांनी दोन्ही मुलांकडे आळीपाळीने बघितलं. "नवी गादी आली की ते झोपायचे आणि मी शेजारी बसून राहायची. झोपलेल्या माणसाला कसं कळणार, गादी टोचतेय की नाही ते? किती वेळा कूस बदलली ते मी मोजायची. ते उठले की पहिलं विचारायचे, 'किती वेळा?' मी सांगायची. त्यावर माल पास. इतकी वर्षं तुमच्या गाद्या मी जागून पास केल्यात. मला झोपायला कोणी सांगितलं होतं?"

धाकटे आईला पांघरूण घालायला निघाले होते, ते तसंच हातात धरून उभे राहिले.

"मग तू बोलली का नाहीस कधी?" थोरल्यांनी विचारलं.

"काय बोलायचं? तुम्ही दर वेळी म्हणायचात, आई झोप, आई झोप. मला वाटायचं, मला झोप लागत नाही म्हणून काळजीने म्हणताय. पोरं प्रेमाने आडवं करतायत, तर व्हावं आडवं. आणि नंतर त्या बिचाऱ्यांना परत पाठवायचात, तेव्हा वाटायचं, तुम्हाला माल पसंत नसेल." त्या धाकट्यांकडे वळल्या. "त्या दातांच्या डॉक्टरांच्या वेळी तुम्ही दोघांनी एकदाही कूस बदलली नव्हती. चांगला होता माणूस."

खाली पिंजणी कुजबुजत होती. थोरले आईच्या गादीच्या कडेला बसले. आमच्या कपाटात कितीतरी कलाकारांची मागणीपत्रं पडून होती, आणि त्यांच्या बाबतीत झालेली चूक एवढीच होती, की आईला कोणी विचारलं नव्हतं.

"ह्यांच्या कागदावर सही करते मी," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण आधी अटी वाचा. ह्या बाईंनी जागेपणी ऐकल्या पाहिजेत. आणि प्रमुख, ह्या वेळी तुम्ही झोपू नका."

मी शरमेने मान खाली घातली. "माझा आवाजच तसा आहे," मी म्हणालो. "तुम्हालाही त्यानेच झोप लागायची."

"आवाजाचं काही नाही हो." त्या आडव्या झाल्या. "हे होते तोवर एकाने झोपायचं तर एकाने जागायचं. ते गेल्यावर रात्री वाटायला लागलं, आता मी झोपले तर बघणार कोण? तुम्ही वाचत होतात तेव्हा शेजारी कोणीतरी जागं होतं. एवढंच." आणि मग डोळे मिटून, "आहात ना जागे?"

"आहे," मी म्हणालो. वरच्या मजल्यावरच्या बाळाचं काय, हा प्रश्न मी विचारला नाही. मला माझ्या आवाजाबद्दल कोणी इतकं चांगलं बोललं नव्हतं.

मी वाचायला लागलो. तिसऱ्या अटीलाच त्यांचा श्वास संथ झाला. चौथ्या अटीला धाकट्यांच्या लक्षात आलं, की सही राहिली.

आता खरी पंचाईत. कागद समोर, पेन समोर, सही करणारं माणूस झोपलेलं. खिडकीच्या फटीतलं ऊन तिरपं व्हायला लागलं होतं. गोदामाचा मालक संध्याकाळपर्यंतच थांबणार होता. थोरल्यांनी सावलीवाल्या बाईंकडे बघितलं. उठवू का, असं डोळ्यांनी विचारलं. सगळा प्रश्न त्यांच्या गोदामाचा होता. सावलीवाल्या बाई मोठ्या बाईंच्या चेहऱ्याकडे बघत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "झोपू दे."

धाकटे चपळाईने बाहेर गेले आणि त्यांनी मालकाला फोन लावला. त्यांचं दबकं बोलणं दारातून ऐकू येत होतं. "आई झोपलीय हो. नाही, आजारी नाही. झोपलीय! अहो, तुम्हाला कसं सांगू... तुमच्या घरात गादी कोणाची आहे? मग थांबा की जरा!" परत आले तेव्हा डोळे पुसत होते. मालक थांबतो म्हणाला होता. किती वेळ, ते सांगितलं नव्हतं.

मी अटी संपवल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केल्या. सावलीवाल्या बाई हात मांडीवर ठेवून ऐकत होत्या. त्यांचा भाऊ कोपऱ्यात घोरत होता, थोरले आईच्या पायाशी बसले होते. मी एक डोळा कागदावर आणि एक मोठ्या बाईंवर ठेवला होता. देणारा, घेणारा, ज्यास यापुढे. मला मुळीच झोप येत नव्हती. तरंगणारे तंतू पिवळे झाले, मग करडे झाले, मग दिसेनासे झाले.

संध्याकाळी खाली पिंजणी बंद पडली. त्या शांततेनेच बहुधा मोठ्या बाईंना जाग आली. त्यांनी छताकडे बघितलं, मग मुलाकडे, मग मान वळवून माझ्याकडे.

"किती वेळा?" त्यांनी विचारलं.

"एकदाही नाही," मी म्हणालो.

त्यांनी पेनासाठी हात पुढे केला.